पथ्य मोडले, आता पुढे काय?

कार्तिक सरला की आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखात जत्रा सुरू होतात. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ निघतो. पौषात पालला खंडोबाचे लग्न लागते. रंगपंचमीला बावधनचे बगाड. चैत्रात खरसुंडी आणि शिखर शिंगणापूर. या झाल्या मोठ्या जत्रा. त्याखेरीज गावोगावची ग्रामदैवते आहेतच. लेकी माहेरी येतात. पाव्हणेरावळे येतात. एके दिवशी पुरणपोळी होते, दुसऱ्या दिवशी मटण शिजते.

ज्याला पथ्य नाही, तो जास्त जेवला तर ओवा चावतो, कुशीवर वळतो आणि विसरून जातो. पण हल्ली घरोघरी एखादे तरी माणूस पथ्यावर असते. कुणाला मधुमेह असतो. त्याला आपण 'शुगर' म्हणतो. कुणाला रक्तदाब असतो, त्याला मीठ कमी सांगितलेले असते. कुणी वजन उतरवण्याच्या मागे असते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा प्रचार केला, तेव्हापासून दोन वेळा जेवणारे लोक खेड्यांतही दिसू लागले. नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्या बाया तर पहिल्यापासून आहेत.

अशा माणसाचे पथ्य एखाद्या दिवशी मोडते. थोडेथोडके नव्हे, चांगलेच मोडते. मग दुसऱ्या दिवशी काय करायचे? पथ्य कसे पाळावे हे सगळे सांगतात. मोडल्यावर काय करावे हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून हा पाठ.

एका बागायतदाराची गोष्ट

आमच्या शेजारच्या गावी एक बागायतदार आहेत. वय छप्पन्न. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. सहा महिने त्यांनी कडक पथ्य पाळले. सकाळी दीड भाकरी, पालेभाजी आणि ताक. रात्री एक भाकरी आणि आमटी. चहा बिनसाखरेचा. साखर ताब्यात आली होती.

गावची जत्रा आली. व्याही आले. व्याह्यांनी स्वतःच्या हाताने पोळी त्यांच्या ताटात घातली.

"एका पोळीनं काय हुतंय, पाव्हणं? देवाचा परसाद हाय."

एकीच्या दोन झाल्या. मग या गृहस्थांच्या मनात आले, "आता मोडलंच की पथ्य! मग पोटभर जेवून घेऊ. उद्यापासनं बघू." पाच पोळ्या झाल्या. वर गुळवणी, वर भात. दुसऱ्या दिवशी दुपारी मटण, रात्री पुन्हा तेच. रात्रभर छातीत जळजळ. झोप नाही.

जत्रा उलगली. सकाळी उठल्यावर त्यांना स्वतःचा फार राग आला. घरात सांगितले, "आज माझ्यासाठी भाकरी टाकू नका. दोन दिवसांचं फेडायचं हाय." गोळी मात्र नेमाने घेतली. आणि उपाशीपोटी उसाला पाणी द्यायला गेले. अकराच्या सुमारास हातापायाला कापरे सुटले. अंगाला दरदरून घाम आला. बोलणे बरळल्यासारखे झाले. बांधावर बसले ते उठवेना. मुलगा जवळ होता म्हणून बरे. त्याला डॉक्टरांनी पूर्वी सांगून ठेवले होते. त्याने शेजारच्या वस्तीवरून साखर आणून पाण्यात कालवून पाजली. पाऊण तासाने माणूस ठिकाणावर आला.

इथे नीट ध्यान द्या. ते बांधावर बसले ते पाच पोळ्यांमुळे नाही. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीमुळे बसले. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात, की तुम्ही जेवा अगर न जेवा, त्या रक्तातली साखर खाली ओढतातच. इन्सुलिनचेही तसेच आहे. पोटात अन्न नाही, वर कष्टाचे काम, मग साखर फार खाली जाते. ७० च्या खाली गेली की धोका. वाटेने जाणाऱ्याला वाटते, गडी प्यालाय. आणि लोक पुढे निघून जातात. अशाने माणूस दगावतो.

अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लहान चमच्याने तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी. बरे वाटल्यावर भाकरी किंवा दुसरे काही खायला घालावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनळीत जाते. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी.

काट्यावर वजन किती वाढते?

जत्रेनंतर काट्यावर उभे राहिले की दोन किलो वाढलेले दिसतात. माणूस हबकतो. म्हणतो, सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. पण जरा हिशेब करू.

अन्नातली शक्ती मोजायचे माप आहे. त्याला कॅलरी म्हणतात. ज्वारीच्या एका मोठ्या भाकरीत अदमासे अडीचशे कॅलरी असतात. तूप घातलेल्या पुरणपोळीत आकाराप्रमाणे तीनशे ते चारशे. आता अंगावर एक किलो चरबी चढायला किती लागतात? रोजची गरज भागून वर सुमारे ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. म्हणजे रोजचे जेवण जेवून वर तीस भाकऱ्या. एका बसणीत एवढे कोण खाईल? तुम्ही गरजेपेक्षा पाच भाकऱ्यांएवढे जास्त खाल्ले असे धरले, तरी चरबी वाढेल ती पाव किलोच्या आतच.

मग दोन किलो कसले? काही वजन पोटातल्या अन्नाचेच असते. बाकीचे बहुतेक पाण्याचे. गोड आणि पिठूळ अन्नातली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते. ती साठवताना साखरेच्या एका वाट्याबरोबर सुमारे तीन वाटे पाणी धरले जाते. शिवाय मटणाच्या रश्शात मीठ असते, पापड-लोणच्यात मीठ असते. मीठही पाणी धरून ठेवते. नेहमीचे जेवण सुरू केले की तीन-चार दिवसांत हे पाणी लघवीवाटे निघून जाते. म्हणून जत्रेनंतर आठवडाभर काट्यावर चढूच नये, असे माझे मत आहे.

हा हिशेब वजनाचा झाला. रक्तातल्या साखरेचा हिशेब वेगळा. ती त्या दिवशी खरोखरच चढते. आणि गुळाने ती चढत नाही अशी आपल्याकडे एक समजूत आहे. कऱ्हाडचा गूळ कितीही नामी असला तरी मधुमेहाच्या माणसाला गूळ आणि साखर यांत फरक नाही.

हात का सुटतो?

पथ्य मोडले की घरचे म्हणतात, "तुमचा जिभेवर ताबाच न्हाई." हे बोलणे अर्धे खरे आणि अर्धे खोटे. शरीराला पथ्य कळत नाही. त्याला एवढेच कळते, की अन्न कमी येत आहे. माण, खटाव, जत, आटपाडी इकडच्या लोकांना दुष्काळ काय ते सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी मिळत असे. त्या पिढीतली म्हातारी माणसे आजही ताटात शीत ठेवत नाहीत. पोटात भूक पडली की शरीर ती ध्यानात ठेवते आणि अन्न दिसले की भरून घ्यायला बघते. दुष्काळाची भूक असो की डॉक्टरने लावलेली असो.

याची परीक्षा अमेरिकेत झाली आहे. दुसरे महायुद्ध संपत आले होते. युरोपात लाखो माणसे उपाशी होती. त्यांना पुन्हा कसे जेवू घालावे हे शिकण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४ साली ३६ धडधाकट तरुण घेतले. ते आपखुशीने आले होते. १९४५ च्या फेब्रुवारीपासून चोवीस आठवडे त्यांना जवळजवळ निम्मे जेवण दिले. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने घटले. पण मनाचे काय झाले ते ऐका. ते रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. ताटे चाटू लागले. पाकक्रियेची पुस्तके वाचत बसू लागले. आणि पुढे मोकळे जेवण मिळाले तेव्हा काहीजण इतके जेवले, की आजारी पडले. पोट गच्च भरले तरी त्यांची भूक भागेना. ती ठिकाणावर यायला कित्येक महिने लागले. हे सगळे धडधाकट, शहाणे तरुण होते.

याहून जुनी एक गोष्ट आहे. इन्सुलिन निघण्यापूर्वी मधुमेहाला पथ्याशिवाय इलाज नव्हता. न्यूयॉर्कचे डॉक्टर ॲलन हे रोग्यांना अगदी थोडक्या अन्नावर ठेवत. त्यामुळे रोगी काही काळ जगत, पण हाडांचे सापळे होत. त्यांच्या इस्पितळात बारा वर्षांचा एक आंधळा मुलगा होता. त्याला कुणी अन्न आणून देत नव्हते, तरी त्याची साखर चढे. शेवटी कळले, की त्याने दात घासायची पेस्ट खाल्ली होती आणि खोलीतल्या पाखराच्या पिंजऱ्यातले दाणेही खाल्ले होते. त्या पोराला जिभेचा ताबा नव्हता असे कोण म्हणेल? पुढे १९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो शहरी लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले आणि हे भुकेचे इलाज मागे पडले. आज ज्यांना इन्सुलिन मिळते, त्यांनी त्याला भिऊ नये.

दुसरे कारण मनातले. "आता मोडलंच की," हे जे बागायतदार म्हणाले, ते आपण सगळेच म्हणतो. १९७५ साली संशोधकांनी याचीही परीक्षा घेतली. काही लोकांना आधी दुधाचे गोड पेय पाजले, मग पुढ्यात आइस्क्रीम ठेवले. जे एरवी बेताने जेवणारे नव्हते, त्यांनी पेय प्याल्यामुळे आइस्क्रीम कमी खाल्ले. पण जे रोज मोजूनमापून खात, त्यांनी पेय प्याल्यावर उलट जास्तच खाल्ले. नियम एकदा मोडला की मग आवर कशाला, असे त्यांचे झाले. म्हणजे पहिल्या पोळीने होते त्याहून जास्त नुकसान 'आता मोडलंच' या शब्दांनी होते. दुसऱ्या पोळीला हात आवरला तर पथ्य फारसे मोडतच नाही. चौथ्या पोळीला आवरला तरी पाचवी टळते.

आणि आग्रह. आग्रह हा आपल्या लोकांचा मोठा गुण आणि तेवढाच मोठा दोष. पथ्याच्या माणसाला पोळी वाढणाऱ्याला वाटते, आपण मान दिला. त्याचे औषध मात्र आपण देत नाही, ते त्यालाच घ्यावे लागते.

बायकांची गोष्ट निराळीच. त्या सगळ्यांत शेवटी बसतात. तोवर भुकेने जीव कासावीस झालेला असतो. मग उरलेली पोळी टाकवत नाही, उरलेला भात टाकवत नाही. घरची अन्नपूर्णा म्हणून आपण तिचे कौतुक करतो आणि तिचे पोट उकिरड्यासारखे वापरतो. ज्या घरात बाईला मधुमेह आहे, तिथे तिने पहिल्या पंगतीला बसावे. यात कुणाचा मान जात नाही.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी

जास्त जेवण झाले तर लगेच आडवे होऊ नये. आडवे झाले की पोटातले आंबट वर येते आणि छाती जळते. कपडे सैल करावे, बसावे, मग दहा-पंधरा मिनिटे अंगणात सावकाश चालावे. त्याने रक्तातली साखरही थोडी उतरते. धावू नये, कष्टाचे काम काढू नये. पाणी घोटघोट प्यावे. ज्यांना हृदयाच्या अगर मूत्रपिंडाच्या रोगामुळे पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी तेवढेच प्यावे.

घशात बोटे घालून ओकारी काढू नये. त्याने अन्ननळी सोलवटते, दात झिजतात. आणि ही सवय लागली तर सुटता सुटत नाही. एरंडेल किंवा जुलाबाची गोळीही नको. जुलाबाने पाणी आणि क्षार जातात, खाल्लेली शक्ती बहुतेक आधीच अंगात गेलेली असते. गच्च भरलेल्या पोटावर खाण्याचा सोडा पिऊ नये. पोटात एकदम वायू होतो आणि क्वचित पोटाला इजा होते. शिवाय रक्तदाबाच्या माणसाला सोडा म्हणजे मीठच.

दुसऱ्या दिवशी उपास करायचा नाही. मागचे फेडायचे नाही. आपले नेहमीचे पथ्याचे जेवण, नेहमीच्या वेळेला, नेहमीएवढे. एवढेच. सकाळी भूक नसेल तर जरा हलके खावे, ताक-भाकरी घ्यावी, पण गोळीवाल्याने उपाशी राहू नये. गोळी नेहमीएवढीच. "काल जास्त खाल्लं म्हणून आज दोन गोळ्या," हे कधी करायचे नाही. डॉक्टरने सांगितल्याखेरीज गोळी वाढवायची नाही आणि सोडायचीही नाही. घरी साखर तपासायचे यंत्र असेल तर तपासावी. नसेल तर आशाताईंना विचारावे, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासता येते. एक-दोन दिवस आकडा जास्त आला तर घाबरू नये. पण तो उतरेचना तर केंद्रात जावे.

ज्यांना मधुमेह नाही आणि नुसते वजन उतरवायचे आहे, त्यांनीही दुसऱ्या दिवशी उपास धरू नये. उपास केला की संध्याकाळी पुन्हा तीच ओढ लागते आणि पुन्हा हात सुटतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असे आपल्या बायका हसून म्हणतात, त्यात हेच शहाणपण आहे. लांबलेला उपास सोडतानाही बेताने घ्यावे. गांधीजींनी १९४३ साली पुण्यात आगाखान राजवाड्यात एकवीस दिवसांचा उपास केला, तो ३ मार्चला संत्र्याच्या रसाने सोडला. नवरात्राचे नऊ दिवस झाल्यावर दसऱ्याला एकदम पुरणावर तुटून पडणारांनी हे आठवावे.

काही खुणा अशा आहेत, की त्या दिसल्यावर घरी बसू नये. छातीत दाब, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, गार घाम. याला लोक 'गॅस झाला' म्हणतात आणि सोडा पितात. तो हृदयाचा झटका असू शकतो. १०८ ला फोन करावा. मधुमेहाच्या माणसाला सारख्या उलट्या, फार तहान, धाप आणि गुंगी आली तरी तसेच. पोट दगडासारखे कठीण होऊन असह्य दुखले तरी तसेच. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याचे पाय सुजले, रात्री आडवे झाल्यावर दम लागला, तर सकाळची वाट पाहू नये.

आणखी एक गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे. काही माणसे जत्रा नसताना, पाहुणे नसताना, एकटी असताना चोरून फार खातात. पोट दुखेस्तोवर खातात, मग रडतात, दुसऱ्या दिवशी उपाशी राहतात, आणि आठवड्यातून एक-दोनदा हेच होते. हा हावरटपणा नव्हे, हा एक आजार आहे. त्याला नाव आहे आणि इलाजही आहे. डॉक्टरला खरे सांगावे. सरकारने २०२२ साली टेलिमानस नावाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येते, मराठीतही बोलता येते. नाव न सांगितले तरी चालते.

पुढची जत्रा

जत्रा पुन्हा येणारच. तिला जाऊच नये असे मी म्हणणार नाही. जत्रेच्या दिवशी सकाळी उपाशी राहू नये, नेहमीची न्याहारी करावी. ताटात आधी भाजी, कोशिंबीर, कटाची आमटी घ्यावी. पोळी एक, फार तर दीड, आणि ती सावकाश खावी. कुणी आग्रह केला तर घरच्या कारभारणीने पुढे होऊन सांगावे, "त्यांना डॉक्टरनं सांगितलंय, आता नका वाढू." स्वतः नको म्हणण्यापेक्षा दुसऱ्याने म्हटलेले पाव्हण्यांना लवकर पटते.

आणि आता तुम्हाला लिहिता येते. पथ्य मोडले तर ते कागदावर लिहून ठेवा आणि दवाखान्यात जाताना कागद बरोबर न्या. "कधीतरी जरा जास्त खाल्लं" असे तोंडी सांगितल्याने डॉक्टरला काही कळत नाही. असे लिहावे:

रविवार. गावची जत्रा. दुपारी २ वाजता पोळ्या ४, गुळवणी, भात.
रात्री ८ वाजता गोळी घेतली. जेवण अर्धी भाकरी.
सोमवार. सकाळी उपाशीपोटी साखर तपासली. आकडा २१०.
सकाळी ८ वाजता गोळी, दीड भाकरी, भाजी. काम केले. चक्कर नाही.
मंगळवार. आकडा १६०.